स्प्लेंडरचा सायलेन्सर घरीच बदलायचा आहे: गंजलेले नट स्टड न तोडता कसे सोडवायचे?

खाडीकाठ (मालवण)
शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बाबांची २००७ सालची स्प्लेंडर प्लस आहे. महिनाभरापासून आवाज बदलला होता. आधी टॅपेटचा (इंजिनमधल्या व्हॉल्व्हचा) असेल असं वाटलं. काल डबल स्टँडवर घेतली, खाली झोपून टॉर्च मारला, तर सायलेन्सरच्या पोटाला खालच्या अंगाने दोन रुपयांच्या नाण्याएवढं भोक. कडेला बोट लावलं तर पत्रा पापडासारखा तुटून हातात आला. म्हणजे वेल्डिंगचा प्रश्नच मिटला, नवाच घालावा लागणार.

कुडाळहून कंपनीचा सायलेन्सर आणि पॅकिंगची नवी रिंग आणून ठेवली आहे. अडचण आहे ती इंजिनच्या हेडच्या (सिलिंडरवरच्या झाकणाच्या) तोंडाशी, स्टडवर (हेडमध्ये रोवलेल्या आटेदार दांडीवर) बसलेल्या दोन नटांची. ते नट आहेत हे सांगावं लागेल, दिसायला गंजाचे दोन तपकिरी गोळे आहेत. गावातल्या एका गॅरेजमध्ये नेली, तर "पान्याला पाईप लावून ओढतो, तुटला तर तुटला, जबाबदारी तुमची" असं उत्तर मिळालं. मी गाडी तशीच परत आणली.

बाबा शिक्षक होते. निवृत्त होईपर्यंत रोज याच गाडीने शाळेत गेले. आमच्याकडे खंडेनवमीला कोयती, कुदळ, पाने यांच्यासोबत गाडीचीही पूजा असते. ती येत्या बुधवारी नाही, पुढच्या बुधवारी. म्हणजे अकरा दिवस हातात आहेत. माझ्याकडे १० आणि १४ चे रिंग पाने, एक सॉकेट सेट, वायर ब्रश आणि हातोडी आहे. ज्यांनी स्वतःच्या हाताने हे काम केलंय त्यांनी कृपया सांगा.

---

सांगलीकर_फिटर
शनिवार, रात्री १०.२५

गाडी परत आणलीत हे फार चांगलं केलंत. मी तीस वर्षं पान्यावर हात काळे केलेत. घाईने तुटलेल्या स्टडचं काम अर्ध्या दिवसाचं असतं, आणि न तुटलेल्याचं पाच मिनिटांचं. मधे फरक असतो तो फक्त तेल मुरायला दिलेल्या वेळेचा.

पहिल्यांदा समजून घ्या की ते दोन नटच का धरतात. स्प्लेंडरचं इंजिन आडवं, सिलिंडर पुढे झोपलेला. त्यामुळे एग्झॉस्टचं, म्हणजे धूर बाहेर पडायचं, तोंड खाली येतं, पुढच्या चाकाच्या अगदी समोर. चाकाने उडवलेला सगळा चिखल आणि पाणी त्या दोन नटांवर. वरून इंजिनची उष्णता. तापतं, भिजतं, तापतं, भिजतं. तुमच्याकडे तर हवेतच मीठ.

स्टड ६ मिलिमीटरचा आहे, शाळेतल्या पेन्सिलीपेक्षा बारीक. १० च्या पान्याला लांब पाईप लावला की तुमच्या हाताला काही जाणवायच्या आत तो पिळवटून तुटतो. पाईप लावायचाच नाही, हा पहिला नियम.

आता काम. उद्या फक्त वायर ब्रश मारा. नटाचे सहाही कोपरे उघडे पडले पाहिजेत आणि स्टडचं टोक नटाबाहेर आलं असेल तर त्याचे आटे दिसले पाहिजेत. मग गंज सोडवणारा स्प्रे मारा, नळी लावून, नट आणि फ्लँज (पाईप हेडला धरून ठेवणारी पट्टी) जिथे टेकतात तिथे आणि स्टडच्या टोकावर. डब्ल्यूडी-४० चालेल. हातात काहीच नसेल तर डिझेल ब्रशने लावा, आमच्या उमेदवारीच्या काळात तेच होतं. सकाळ-संध्याकाळ, तीन दिवस. पाना लावायचा नाही.

मधे मधे नटाच्या डोक्यावर हातोडीने हलके ठोके द्या, आडवे नाही, सरळ. ठोक्याने गंजाची पूड फुटते आणि तेल आत उतरतं.

तीन दिवसांनी लिहा, पुढचं सांगतो.

---

धातूवेडी (पुणे)
रविवार, सकाळी ८.१०

फिटरकाकांनी सांगितलेल्याला थोडी भर घालते, माझा विषयच धातूंचा गंज आहे.

हेड ॲल्युमिनियमचं आणि स्टड पोलादाचा. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून, मधे खारं पाणी, की बारीकसा विद्युतघट तयार होतो आणि ॲल्युमिनियम झिजायला लागतं. त्याची पांढरी भुकटी आट्यांमध्ये भरते आणि स्टड जखडतो. म्हणजे तुमच्याकडे दोन वेगळे गंज आहेत: बाहेर नट आणि स्टडमधला तांबडा, आत स्टड आणि हेडमधला पांढरा. तुम्हाला फक्त बाहेरचा सोडवायचा आहे. नट फिरायच्या ऐवजी स्टडच हेडमधून फिरून बाहेर आला तरी घाबरू नका, तेही चालतं.

उष्णता इथे तुमच्या बाजूने आहे. तापवल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे हेडची पकड सैल होते. भोक असलेल्या सायलेन्सरनेही इंजिन पाच-सात मिनिटं मोकळ्या अंगणात चालू ठेवता येईल. बंद पडवीत किंवा खोलीत अजिबात नको, कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. नंतर हात लावता येईल इतकं कोमट झालं की स्प्रे मारा. तापलेल्या पाईपवर मारू नका, तो पेट घेतो.

आणि तो पत्रा पापडासारखा का झाला, तर आतून. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. लांबच्या प्रवासात ते वाफ होऊन निघून जातं. घर ते शाळा, शाळा ते बाजार अशा छोट्या फेऱ्यांत सायलेन्सर पुरता तापतच नाही, पाणी तळाशी साचतं, धुरातल्या आम्लांसह. बाहेरून कितीही पुसला तरी पोट आतून खात राहतं. नव्या सायलेन्सरला खालच्या बाजूला सुईएवढं छिद्र आहे का बघा. असेल तर ते त्या पाण्यासाठीच आहे.

---

खाडीकाठ
रविवार, दुपारी १२.३०

धातूवेडीताई, आहे! नवीन सायलेन्सरला तळाशी बारीक छिद्र आहे. जुन्याचं शोधून काढलं, ते चिखलाने लिंपून दगडासारखं झालं होतं. भोक पडलंय ते बरोबर त्याच्या शेजारी. इतकी वर्षं ते छिद्र म्हणजे तयार करताना राहिलेली चूक आहे असं आम्ही धरून चाललो होतो.

वायर ब्रश झाला. उजवा नट स्पष्ट दिसतोय, कोपरे शाबूत आहेत. डाव्याचे दोन कोपरे गोल झालेत, कोणीतरी आधी चुकीचा पाना लावला असावा. तेल लावलं.

---

हायवे_६६
रविवार, दुपारी ३.०५

दादा, एवढी मेहनत करतोच आहेस तर कंपनीचा परत करून फ्री-फ्लो (आतून मोकळा सायलेन्सर) टाक ना. पिकअप वाढतो, आवाजही भारी येतो. माझ्या मित्राने टाकलाय. गाडीला बॅक प्रेशर (बाहेर पडणाऱ्या धुराला होणारा अडथळा) कमी झालं की इंजिन मोकळं पळतं.

---

सांगलीकर_फिटर
रविवार, रात्री ९.००

तरुण माणसा, तुझी हौस मला समजते, मीही यामाहा आरएक्स १०० वर वाढलो. म्हणून मनापासून सांगतो.

९७.२ सीसीच्या या इंजिनला फ्री-फ्लोने हाती काही लागत नाही. बॅक प्रेशर कमी-जास्तचा हिशोब अर्धवट आहे. सिलिंडरमधून धूर एकसारखा वाहत नाही, ठोक्याठोक्याने बाहेर पडतो. प्रत्येक ठोक्याची लाट पाईपमधून पुढे जाते, पाईप जिथे रुंद होतो तिथून तिचा उलटा पडसाद ओढ घेऊन मागे येतो. तो व्हॉल्व्हपाशी नेमक्या वेळी पोचला तर उरलेला धूर बाहेर खेचतो. पाईपची लांबी, जाडी, आतले कप्पे हे सगळं या वेळेसाठी मोजून बनवलेलं असतं. मोकळा नळा लावलास की ही वेळ चुकते. वर कार्ब्युरेटरचं मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी, इंजिन तापतं, थ्रॉटल सोडला की फटफट आवाज येतो. त्याला लोक ताकद समजतात, ते नुसतं सायलेन्सरमध्ये जळणारं पेट्रोल असतं.

टू-स्ट्रोकला हे आणखी खरं. आरएक्सच्या सायलेन्सरचं पोट हाच इंजिनचा अर्धा भाग होता. आम्ही त्याची आतली नळी काढून चिकटलेलं ऑइल जाळून साफ करायचो. पण नळी फेकून देणाऱ्याची गाडी खालच्या आरपीएमला मरायची, हे दर आठवड्याला बघितलंय.

---

रात्रपाळी_नर्स (कोल्हापूर)
रविवार, रात्री ११.२०

मी इथे फक्त वाचायला येते, पण आज लिहिते. आमचं हॉस्पिटल मुख्य रस्त्यावर आहे. रात्री दोन वाजता असा एक सायलेन्सर खालून गेला की बाळांच्या वॉर्डात एकामागून एक सगळी जागी होतात. हृदयाच्या रुग्णांच्या मॉनिटरवर ठोके वाढलेले मी डोळ्यांनी पाहिलेत. हौस असलेल्या मुलांना हे ठाऊक नसतं, कारण ती तोवर पुढच्या चौकात पोचलेली असतात. कृपा करून विचार करा.

---

वकिलीण_ठाणे
सोमवार, सकाळी ९.४५

कायद्याचं थोडक्यात, कारण हा प्रश्न प्रत्येक गाडीच्या धाग्यावर येतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ चा नियम १२० सांगतो की प्रत्येक गाडीला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर हवा. गाडी कारखान्यातून बाहेर पडताना दुचाकीची आवाजाची मर्यादा ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, ८० ते १७५ सीसीला ७७ आणि त्यावर ८०. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९०(२) खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, आवाज आणि हवेच्या प्रदूषणाची मानकं मोडली तर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र. लोक दंडाची तयारी ठेवतात, लायसन्सचं त्यांना माहीतच नसतं. जप्त केलेल्या सायलेन्सरांवर पोलिसांनी रोडरोलर फिरवल्याचे फोटो तर सगळ्यांनी पाहिलेच आहेत.

खाडीकाठ, तुमचं काम याच्या कुठल्याही कक्षेत येत नाही. कंपनीचा भाग काढून कंपनीचाच बसवताय.

---

हायवे_६६
सोमवार, दुपारी १.१५

ताई, लायसन्सचं खरंच माहीत नव्हतं. नर्सताईंचं वाचून मित्रालाही पाठवलं. माझं मत मागे घेतो. काका, त्या लाटेचं आणखी कुठे वाचायला मिळेल?

---

सांगलीकर_फिटर
सोमवार, रात्री ८.५०

मी पुस्तकातून नाही शिकलो रे, पण तुला एक प्रयोग सांगतो. लांब पीव्हीसी पाईपच्या एका तोंडाशी टाळी वाजव आणि ऐक. दुसरं तोंड उघडं ठेवून एकदा आणि तळहाताने बंद करून एकदा. परत येणाऱ्या आवाजात फरक पडतो. तीच लाट.

---

खाडीकाठ
बुधवार, संध्याकाळी ७.३०

काका, आज चौथा दिवस. इंजिन गरम करून, कोमट झाल्यावर तेल, असं रोज दोनदा केलं. आता पाना लावू का?

---

सांगलीकर_फिटर
बुधवार, रात्री ८.१०

लावा. रिंग पाना नको, सॉकेट लावा, आणि तोही आत सहा कोन असलेला. बारा कोनांचा असेल तर तो फक्त कोपऱ्यांना धरतो आणि कोपरे खातो. गोल झालेल्या डाव्या नटावर सॉकेट हातोडीने ठोकून घट्ट बसवा.

आणि आता उलटं वाटेल असं सांगतो: आधी आवळायच्या दिशेने केसभर जोर द्या. केसभरच. गंजाचा जोड पहिल्यांदा तडकला पाहिजे, कुठल्या बाजूने तडकला याला महत्त्व नाही. "कट्" असा कोरडा आवाज आला की मग सोडायच्या दिशेने पाव आटा, परत आवळा, तेल, परत सोडा. कपड्याला चेन अडकल्यावर आपण पुढे-मागे करतो तसं. पाना रबरासारखा लवचीक लागला, म्हणजे हात फिरतोय पण आवाज नाही, तर ताबडतोब थांबा. तो स्टड पिळवटतोय.

---

खाडीकाठ
गुरुवार, रात्री १०.०५

उजवा सुटला!!! अगदी तुम्ही म्हणालात तसा "कट्" आवाज आला. बाबा शेजारी टॉर्च धरून बसले होते, त्यांनाही ऐकू आला. पाव आटा पुढे, पाव मागे करत वीस मिनिटं लागली, पण स्टडचे आटे चकचकीत राहिलेत.

डावा मात्र गेला. सॉकेट ठोकून बसवला, आवळायच्या दिशेने दिला, आवाज आला असं वाटलं. सोडायला घेतला आणि पाना मऊ लागला. थांबायला हवं हे कळेपर्यंत नट स्टडच्या टोकासकट हातात. पाच मिनिटं मी काही बोललोच नाही. बाबा म्हणाले, "आता जेवून घे, उद्या बघू."

फ्लँज काढल्यावर स्टडचा साधारण ७-८ मिलिमीटर तुकडा हेडबाहेर शिल्लक आहे. सायलेन्सरच्या मागचा बोल्ट (मागे बसणाऱ्याच्या फूटरेस्टजवळचा) सहज निघाला आणि अख्खा सायलेन्सर खाली उतरवला.

---

पेडण्याचो_रायडर (गोवा)
गुरुवार, रात्री १०.४०

भावा, वाईट वाटून घेऊ नको, किनाऱ्यावर प्रत्येकाचा एक तरी स्टड जातोच. तुझा तुकडा बाहेर आहे हे फार मोठं नशीब. माझा हेडच्या पातळीला तुटला होता. मधोमध पंच मारून ड्रिल करावं लागलं, ड्रिल जरा कलंडलं आणि ॲल्युमिनियममध्ये गेलं. शेवटी हेड उतरवून भोक मोठं केलं आणि तारेची आटेदार स्प्रिंग बसवून घेतली. तुला ती वेळ नाही.

---

सांगलीकर_फिटर
शुक्रवार, सकाळी ६.३०

जेवलात ते बरं केलंत. ७-८ मिलिमीटर म्हणजे भरपूर आहे.

स्वतः ग्रिप प्लायरने पिळू नका, उरलेलाही जाईल. चांगला वेल्डिंगवाला गाठा. तुकड्यावर एक नवा नट ठेवायचा, नटाच्या पोटात वेल्डिंग भरून तुकडा आणि नट एकजीव करायचे. याचे फायदे दोन: पाना लावायला नवे कोपरे मिळतात, आणि वेल्डिंगची धग थेट स्टडमध्ये उतरून आतला पांढरा गंज फोडते. मिनिटभर निवू द्या, गरम असतानाच आट्याच्या मुळाशी मेणबत्ती टेकवा. मेण वितळून आट्यांमध्ये शोषलं जातं. मग हळूहळू, पुढे-मागे.

वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढा, पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवा, हेडच्या तोंडात कोरडा नाही, ओला करून घट्ट पिळलेला कापडी बोळा घाला म्हणजे ठिणगी व्हॉल्व्हवर जाणार नाही. आणि बोळा काढायची आठवण म्हणून हँडलला चिंधी बांधा.

हा निघाला की दुसराही बदला. दोन नट एकमेकांवर आवळून खालच्या नटाने फिरवला की स्टड निघतो. नवे स्टड घेताना सोबत पितळी नट घ्या. पितळ लोखंडाला गंजून धरत नाही.

---

खाडीकाठ
रविवार, दुपारी ४.२०

निघाला. काल बाजाराच्या दिवशी एका वयस्कर लेथवाल्यांकडे गाडी ढकलत नेली. त्यांनी पहिला नट वेल्ड केला, तो फिरवताना सांधा सुटला. काही न बोलता दुसरा ठेवला, या वेळी जास्त वेळ धग दिली. निखाऱ्यासारखा लाल झालेला नट काळा पडायची वाट बघितली, मेणबत्ती टेकवली, बारीक धूर आला. मग पाना लावला आणि स्टड लोण्यातून निघावा तसा आला. आटे पांढरे, ताईंनी सांगितलेली भुकटी. त्यांनी हेडमध्ये ६ चा टॅप फक्त हाताने फिरवून आटे साफ करून दिले.

आता एक प्रश्न. घरी येऊन हेडच्या तोंडात टॉर्च मारला. आत पॅकिंगची रिंग चिकटलेली आहे. ती स्क्रू ड्रायव्हरने उचकटली, तर तिच्याखाली आणखी एक रिंग आहे. ही हेडचाच भाग आहे की काढायची?

---

सांगलीकर_फिटर
रविवार, संध्याकाळी ६.००

काढायची! कोणीतरी कधीतरी जुनी न काढता वर नवी बसवली आहे. चेपून, काजळी धरून ती हेडसारखीच दिसते, म्हणून अनेकांच्या नजरेतून सुटते. दोन रिंगांमुळे पाईप पूर्ण आत बसत नाही, फ्लँज वाकडी आवळली जाते आणि सांध्यातून धूर निसटतो. थ्रॉटल सोडल्यावर फटफट आवाज यायचा का?

जुन्या रिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. कोरडी खरवडू नका, तेल लावून ओली करा, नाकातोंडाला बारीक धूळ अडवणारा मास्क लावा, भुकटी फुंकू नका. हेडची बसायची जागा ॲल्युमिनियमची आहे, तिथे पोलादी टोकाने ओरखडा काढू नका. पितळी पट्टी किंवा लाकडी पाचर वापरा.

---

खाडीकाठ
रविवार, रात्री ८.१५

यायचा. चार-पाच वर्षं उताराला फटफट यायची. बाबा म्हणायचे, गाडी म्हातारी झाली.

दुसरी रिंग निघाली. तिच्याखाली जागा अगदी स्वच्छ, चंदेरी.

---

सांगलीकर_फिटर
रविवार, रात्री ९.३०

छान. आता बसवायचा क्रम नीट ऐका, कारण इथे घाई केली तर आधीचं सगळं पाण्यात.

नवे स्टड हेडमध्ये हाताने, शेवटी नाममात्र घट्ट. नटाच्या बाजूच्या आट्यांना तांब्याचं अँटी-सीझ (आटे जखडू न देणारं) ग्रीस, बोटाच्या पेरावर मावेल इतकंच. नवी रिंग हेडच्या तोंडात बसवा, पडत असेल तर साध्या ग्रीसचे दोन ठिपके लावून चिकटवा. सायलेन्सर उचलायला बाबांना घ्या. एकाने मागचा बोल्ट दोन आटे अडकवून वजन धरायचं, दुसऱ्याने पाईप तोंडात बसवून दोन्ही नट हाताने लावायचे. काहीही आवळायचं नाही, सगळं झुलतं.

मग पुढचे दोन नट आलटून पालटून, अर्धा-अर्धा आटा. हेड आणि फ्लँजमधली फट दोन्हीकडे सारखी राहिली पाहिजे. डोळ्याने कळत नसेल तर पोस्टकार्डाचे तुकडे घालून बघा. टॉर्क पाना असेल तर १० ते १२ न्यूटन-मीटर. नसेल तर सॉकेटचा दांडा मुठीत अगदी जवळ धरून मनगटाचा जोर, खांद्याचा नाही. पुढचं झाल्यावर शेवटी मागचा बोल्ट. आधी मागचा आवळला तर पाईप कायमचा ताणात राहतो आणि वर्षभरात मागचा हँगर तडकतो.

चालू करायच्या आधी अख्खा सायलेन्सर पेट्रोलच्या नाही, साबणाच्या ओल्या कापडाने पुसून कोरडा करा. क्रोमवर बोटांचं तेल राहिलं तर पहिल्या तापात ते जळून ठसा कायमचा उमटतो.

---

खाडीकाठ
मंगळवार, रात्री ९.५०

झालं. संध्याकाळी सहाला लावायला घेतला, पावणेसातला इंजिन चालू. पहिल्या पाच मिनिटांत सायलेन्सरमधून पांढरा धूर आला. ताईंना फोटो पाठवणार होतो तेवढ्यात तो थांबला, नव्या रंगाचा आणि आतल्या तेलाचा असावा. मागचं तोंड जाड ओल्या फडक्याने क्षणभर दाबून बघितलं, पुढच्या सांध्याला साबणाचं पाणी लावलं. एकही बुडबुडा नाही, आणि इंजिनचा आवाज दबून ते बंद पडायला आलं. म्हणजे कुठूनही गळत नाही ना?

---

सांगलीकर_फिटर
मंगळवार, रात्री १०.१०

नाही. बंद पडायला आलं हीच खूण. थंड झाल्यावर उद्या सकाळी पुढचे नट पुन्हा एकदा मनगटाने बघा, रिंग पहिल्या तापात चेपते. नंतर पन्नासेक किलोमीटरनी एकदा.

---

मृणाल_बीएस६ (नाशिक)
बुधवार, सकाळी ११.००

सगळा धागा वाचून धीर आला. माझी गाडी २०२१ ची, बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या मानकाची). पाईपवर एक वायर लावलेला सेन्सर आहे. त्याचं काय करायचं?

---

धातूवेडी
बुधवार, दुपारी १.३०

मृणाल, तो ऑक्सिजन सेन्सर. धुरात उरलेला ऑक्सिजन मोजून किती पेट्रोल सोडायचं ते ठरवतो. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांना तो असतो. पाईप उतरवायच्या आधी त्याचा प्लग सोडव, पाईप त्याच्या वायरवर लोंबकळू देऊ नको आणि वायरला पीळ देत सेन्सर फिरवू नको. पुन्हा लावताना अँटी-सीझ फक्त आट्यांना, टोकाला चुकूनही नाही, आणि टोकावर स्प्रेही नको, तो खराब होतो. प्लग लावायचा राहिला तर डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागेल.

तुझ्या एग्झॉस्टमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (विषारी धूर कमी करणारा भाग) ही आहे. आतल्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा मुलामा असतो. भाग बदलावा लागलाच तर जुना भंगारवाल्याला किलोच्या भावाने देऊन टाकू नको, आधी चौकशी कर.

---

खाडीकाठ
बुधवार, रात्री ८.००

आज खंडेनवमी. पाटावर पाने मांडले, त्यात १० चा सॉकेट, तुटलेला स्टड आणि त्या दोन जुन्या रिंगा बाबांनी स्वतः ठेवल्या. झेंडूचा हार हँडलला. हार सायलेन्सरपासून लांब ठेवा असं मलाच सांगत होते.

सकाळी थंड इंजिनवर नट बघितले, उजवा पाव आटा आला, डावा जागचा हलला नाही. नंतर बाबा मागे आणि मी पुढे, कुडाळपर्यंत जाऊन आलो. कसालच्या उताराला मी मुद्दाम थ्रॉटल सोडला. फटफट नाही. बाबांनी मागून खांद्यावर हात ठेवला आणि "अजून एकदा सोड" म्हणाले.

पन्नास किलोमीटरनंतरचे नट शनिवारी बघून इथेच लिहितो. काका, त्या पितळी नटांना दर पावसाळ्याआधी सोडवून परत ग्रीस लावायचं का, की हात लावायचाच नाही?

---

सांगलीकर_फिटर
बुधवार, रात्री ९.२०

मे महिन्यात एकदा. इंजिन थंड असताना एकावेळी एकच नट, दोन आटे सैल करून ग्रीस आणि परत आवळा. पूर्ण काढू नका, रिंग बदलावी लागेल. आणि तळाच्या छिद्रात महिन्यातून एकदा सायकलचा स्पोक फिरवा.

बाबांना नमस्कार सांगा.